दक्षिणेकडचा दिवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी एक पणती वेगळी लागे. बाकीच्या पणत्या तुळशीपाशी, उंबऱ्यावर, कोनाड्यांत. ही मात्र कणकेची, आणि तिची वात दक्षिणेकडे. एरवी दक्षिणेकडे दिवा केला तर आजी चिडायची. त्या दिवशी स्वतःच्या हाताने करायची. आम्ही मुले विचारायचो, "हा कोणाचा ग?" ती म्हणायची, "यमधर्माचा. त्यालाही वर्षातून एकदा घर दिसू दे." त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे धन्वंतरीची पूजा होई आणि धने-गुळाचा नैवेद्य वाटला जाई. देवांचा वैद्य आणि मृत्यूचा देव या दोघांचे एकाच तिथीला, एकाच घरात स्वागत करण्याची ही रीत ज्याने घातली, त्याला माणसाच्या आयुष्याची फार चांगली जाण असली पाहिजे.

दिवाळी अंकात मरणाचा विषय काढला म्हणून वाचकांनी, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांनी, रागावू नये, एवढ्यासाठी ही आठवण आधी सांगितली. नरकचतुर्दशीला यमतर्पण आहे, भाऊबीजेचे दुसरे नावच यमद्वितीया आहे. चकली-करंजीच्या या सणात यम आगंतुक नाही; त्याचे पान आपणच मांडून ठेवलेले आहे. प्रश्न इतकाच, की धन्वंतरीचे काम कोठे संपते आणि यमाचे कोठे सुरू होते, आणि ती वेळ आली हे ठरवायचे कोणी? आज रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर हजारो कुटुंबे हाच प्रश्न मनात घेऊन बसलेली असतात. परंतु तो आजचा नाही. महाराष्ट्राने तो अनेकदा, अनेक रूपांनी पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडे बदललेले आहे.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळात निवड फारशी नव्हती, म्हणून वादही नव्हता. वैद्य नाडी पाही, मात्रा उगाळून देई, आणि एका क्षणी हात सोडून म्हणे, "आता गंगाजल द्या." काशीहून आणलेला तांब्याचा गडू डाक लावून देव्हाऱ्यात ठेवलेला असे, तो या वेळेसाठीच. त्याचे तोंड फोडायचे, तुळशीचे पान जिभेवर ठेवायचे, माणसाला घोंगडीवर खाली घ्यायचे. वैद्याच्या त्या एका वाक्याने औषध थांबे. त्याला कोणी निष्ठुर म्हणत नसे, आणि घरच्यांनी हात आखडला असेही कोणी म्हणत नसे. मरण लांबविण्याचे साधनच हाताशी नसल्यामुळे ते लांबवू नये हे शहाणपण सोपे होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

याच्या पलीकडचा प्रश्न, म्हणजे माणसाने आपण होऊन देह ठेवावा काय, तो शास्त्रकारांना पडलेला होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या विशाल इतिहासात या वचनांचा पसारा मांडला आहे. तो पाहिला म्हणजे ध्यानात येते, की आपली परंपरा या बाबतीत कधीच एका सुरात बोललेली नाही. आत्मघाताची स्मृतींनी कडक निंदा केली. पण अतिवृद्ध, असाध्य रोगाने पीडलेला, वानप्रस्थी अशांसाठी अपवादही ठेवले. मनूने वानप्रस्थाला पाणी आणि वारा यांवर राहून ईशान्येकडे देह पडेपर्यंत चालत जाण्याची मुभा दिली आहे. पुढे निबंधकारांनी हे महाप्रस्थान कलिवर्ज्यांच्या यादीत घातले. म्हणजे पूर्वी चालत असे, आता नको. एक हात दार उघडतो, दुसरा लोटून घेतो. आज न्यायालयांत जे चालते त्याहून हे फार निराळे आहे असे वाटत नाही.

आणि शास्त्रकार दार लोटून घेत असतानाच आळंदीला एकवीस वर्षांच्या तरुणाने समाधी घेतली. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ ची कार्तिक वद्य त्रयोदशी. धनत्रयोदशीनंतर बरोबर एक महिन्याने येणारी ही तिथी वारकरी आजही रडत आणि गात साजरी करतात. पैठणच्या एकनाथांनी १५९९ साली गोदावरीत जलसमाधी घेतली असे परंपरा सांगते. या दोन्ही प्रसंगांना मराठी माणसाने 'मरण' हा शब्द कधी लावला नाही. समाधी घेणे, देह ठेवणे, निजधामास जाणे असे शब्द त्याने वापरले. शब्दांची ही निवड साधी नव्हे. काम संपवून उठून जाणारा आणि दुःखाला कंटाळून पळणारा यांच्यात समाजाने रेघ ओढली ती या शब्दांनी.

जैन समाजात तर या रेघेला व्रताचे रूप आले. सल्लेखना म्हणजे अन्न हळूहळू कमी करीत, कोणाविषयी वैर न ठेवता, गुरूंच्या अनुमतीने देह सोडणे. याचे अलीकडच्या काळातील मोठे उदाहरण आपल्याच भागातले. भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांची दृष्टी उतारवयात मंदावली. चालताना पायाखालचे जीवजंतू दिसेनासे झाले, तेव्हा अहिंसेचे व्रत पाळता येत नाही तर देह कशासाठी, असे मानून त्यांनी मराठवाड्यातील कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. सुमारे पाच आठवड्यांनी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी ते गेले. दर्शनाला लोटलेल्या लोकांत कोणालाही हा गुन्हा वाटला नाही.

गुन्हा मात्र होता, निदान कागदावर. १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली, तिच्यातील ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंतची कैद सांगितली. ज्याला जगणे नकोसे झाले त्याला तुरुंगाचा धाक घालणारे हे कलम विलायतेच्या चर्चप्रणीत कायद्यातून आलेले होते. आळंदीचा, कुंथलगिरीचा त्याला पत्ता नव्हता. पण त्याचा परिणाम खोल झाला. डॉक्टर बिचकू लागले, घरचे बिचकू लागले. आणि पुढे जेव्हा यंत्रे आली, तेव्हा यंत्र थांबविणे म्हणजे खून, असे सर्वांच्या मनाने घेतले.

स्वातंत्र्यानंतर या कायद्यापुढे दोन थोर मराठी माणसे येऊन उभी राहिली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६४ साली एक लेख लिहून आत्महत्या आणि आत्मार्पण यांतील भेद सांगितला. जीवितकार्य पुरे झाले, शरीर साथ देईनासे झाले, तर धन्यतेने देह ठेवणे ही आत्महत्या नव्हे, असा त्यांचा पक्ष. लेख लिहून ते थांबले नाहीत. १९६६ च्या फेब्रुवारीच्या आरंभापासून त्यांनी अन्न आणि औषध सोडले आणि २६ फेब्रुवारीला मुंबईच्या आपल्या घरी ते निवर्तले. बुद्धिवादी म्हणून आयुष्यभर रूढींवर कोरडे ओढणारा हा पुरुष शेवटी एका अत्यंत जुन्या वाटेनेच गेला. मात्र मोक्षासाठी नव्हे, आपल्या विचाराच्या आधाराने.

दुसरे विनोबा. सावरकरांच्या आणि त्यांच्या विचारांत दोन ध्रुवांचे अंतर. पण अखेर पाहावी तर एकच. नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांच्या उपचारांनी थोडे बरे वाटू लागले होते. अशा वेळी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. मोठमोठ्यांनी विनवण्या केल्या, ऐकले नाही. १५ नोव्हेंबरला सकाळी त्यांनी देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, लक्ष्मीपूजनाचा होता. महावीरांच्या निर्वाणाची तिथीही तीच. त्या संध्याकाळी धाम नदीच्या काठच्या त्या आश्रमाची आठवण घराघरांत निघाली असेल, आणि कित्येकांनी पणत्या लावताना क्षणभर हात थांबविला असेल.

३०९ वे कलम तेव्हाही पुस्तकात होते. ते ना सावरकरांना लागले, ना विनोबांना. लोकांनी दोघांनाही नमस्कार केला. येथपर्यंतचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की मराठी मनाने स्वेच्छेने देह ठेवण्याचा अधिकार मान्य केला होता. पण तो संताला, मुनीला, वीराला आणि ऋषीला. तुमच्या-आमच्यासारख्याला नव्हे. सामान्य माणसाचे काय, हा प्रश्न उरलाच.

तो विचारण्याची वेळ आणली यंत्रांनी. कृत्रिम श्वास देणारे यंत्र, नाकातून पोटात जाणारी नळी, हृदयाला धक्का देऊन पुन्हा चालू करण्याची विद्या यांनी लाखो माणसे वाचविली, आणि त्या उपकाराला मर्यादा नाही. पण याच साधनांनी मरणाची एक नवी अवस्था निर्माण केली. माणूस गेलेलाही नाही आणि राहिलेलाही नाही, अशी. वैद्याचे "आता गंगाजल द्या" हे वाक्य उच्चारायला आता कोणी धजेना. १९८१ साली मुंबईत मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था काढली. मसानी म्हणजे मुंबईचे एकेकाळचे महापौर, घटना समितीचे सभासद, स्वतंत्र पक्षाचे नेते. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा शेवटचा टप्पा मृत्यूशय्येपर्यंत पोहोचतो, हे त्यांच्या विचाराला धरूनच होते. लोकांनी ऐकले, काहींनी हसण्यावारी नेले. पण विषय दिवाणखान्यात आला.

पुढे १९८५ मध्ये एक वेगळीच घटना घडली. मुंबई पोलिसांतील एक शिपाई रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसून मनाने खचला होता. त्याने महापालिकेच्या कचेरीपाशी स्वतःला संपविण्याचा प्रयत्न केला, तो लोकांनी रोखला, आणि त्याच्यावर ३०९ खाली खटला भरला गेला. हा ना संत, ना वीर. उपचारांची आणि आधाराची गरज असलेला एक गरीब, आजारी माणूस. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाविरोधी ठरविले. अशा माणसाला मानसोपचार हवेत, तुरुंग नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये हेच मत उचलले. पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरविले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे ते म्हणाले. मात्र त्याच निकालात एक फट राहिली. मरणाची क्रिया सुरूच झाली असेल, तर ती सन्मानाने पुरी होऊ देणे हा जगण्याचाच शेवटचा भाग आहे, असेही त्यांनी लिहिले. खचलेल्या मनाला आधार देणे ही एक गोष्ट, मावळत्या देहाला अडवून न धरणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत करू नये, हे येथे प्रथम इतके स्पष्ट झाले.

आता परळला जायला हवे. के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची पंचवीस वर्षांची परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, गळ्याभोवती साखळी आवळली. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. ती जगली, पण बोलणे, चालणे, ओळखणे सारे गेले. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो सुटलाही. अरुणा चौथ्या वॉर्डालगतच्या खोलीत पडून राहिली. वर्षे गेली, दशके गेली. तिच्याबरोबर काम केलेल्या परिचारिका निवृत्त झाल्या. तिला कधी न पाहिलेल्या मुली नोकरीला लागल्या आणि तिला अंघोळ घालणे, अन्न कालवून भरविणे, कूस बदलणे हे सारे त्यांच्याकडे वारशाने आले. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला शय्याव्रण होऊ दिले नाही, ही गोष्ट ज्याने घरी एखादा अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळला आहे त्यालाच कळेल.

२००९ साली लेखिका-पत्रकार पिंकी विराणी, ज्यांनी अरुणाची कहाणी पुस्तकातून जगापुढे आणली होती, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हे जगणे नव्हे, हिचे अन्न थांबवून हिला सुटू द्यावे, अशी त्यांची विनंती. परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला मरू देणार नाही. वाचकहो, या दोन बाजूंत वाईट कोणीच नव्हते. एकीला तिच्या वेदनेची करुणा होती, दुसरीला तिच्या श्वासाची माया होती. आणि जिच्याबद्दल हे चालले होते तिला काय हवे ते विचारण्याची सोय नव्हती. तिने आधी कधी कोणाला काही सांगून ठेवलेले नव्हते. पंचवीस वर्षांची मुलगी ते कशाला सांगून ठेवील?

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. तिचे खरे आप्त कोण, तर तिला सांभाळणारे रुग्णालयातील लोक; आणि त्यांची इच्छा ती जगावी अशी आहे; म्हणून याचिका नामंजूर. पण याच निकालाने पहिल्यांदा मान्य केले, की बरे होण्याची आशा नसलेल्या माणसाचे केवळ कृत्रिमरीत्या प्राण धरून ठेवणारे उपचार, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, थांबविता येतील. परवानगीची ही अट का, तर मालमत्तेच्या लोभाने जवळची माणसेच काय करतील याचा नेम नाही, ही न्यायालयाला वाटणारी भीती. त्या दिवशी परळला परिचारिकांनी पेढे वाटले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली, साडेएकेचाळीस वर्षांनी. जिला स्वतःसाठी काही मागता आले नाही तिच्यामुळे साऱ्या देशाला एक वाट मिळाली.

ती वाट रुंद झाली ९ मार्च २०१८ रोजी. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. शुद्धीवर असताना माणसाने लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्यातील अटी मात्र इतक्या किचकट होत्या, की इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही आणायची तरी कशी, येथेच लोक अडले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्या सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. प्रत्यक्ष वेळ आली म्हणजे डॉक्टरांची दोन मंडळे पाठोपाठ तपासून मत देतात, आणि प्रत्येकाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत ते द्यावे अशी अपेक्षा आहे. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठावरील न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र जाहीरपणे नोंदविले. गोव्यातील ते पहिलेच. त्याच वर्षी १ जुलैपासून नवी भारतीय न्याय संहिता आली आणि जुने ३०९ वे कलम गेले. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. मात्र सुई टोचून किंवा औषध देऊन जीव घेणे, मग ते कितीही दयेने असो, आपल्याकडे गुन्हाच आहे. मरण आणणे वेगळे, मरण न अडविणे वेगळे, ही रेघ आपल्या कायद्याने जपली आहे.

या साऱ्या इतिहासात एक तिसरा दिवा आहे, त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९८६ साली, जेव्हा उच्च न्यायालय त्या शिपायाचा खटला ऐकत होते, त्याच वर्षी डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' उघडले. कर्करोगाने शेवटच्या टप्प्यावर आलेल्यांसाठी भारतातील हे पहिले विसावागृह. तेथे रोग बरा करण्याचा हट्ट नाही आणि मरण घाईने बोलावणेही नाही. वेदना शमवायची, जखम स्वच्छ ठेवायची, माणसाजवळ बसायचे. पुढे गोव्यातही त्यांची शाखा झाली. 'मला मारून टाका' असे म्हणणाऱ्या पुष्कळांना खरे तर 'मला दुखते आहे' किंवा 'मी तुम्हाला भार झालो' असे म्हणायचे असते. दुखणे थांबले, भार नाही हे कोणी हात धरून सांगितले, तर ते वाक्य पुष्कळदा मागे घेतले जाते. हे आधी करावे आणि मगच हक्काची चर्चा करावी, असे मला वाटते. नाहीतर गरीब घरातील म्हातारीला औषधाचा खर्च दिसतो आणि तिचा 'हक्क' हा तिच्यावरचा दबाव होऊन बसतो.

तरी एक गोष्ट कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही, ती घरातच करावी लागेल. ती म्हणजे बोलणे. आमची आजी गेली तेव्हा तिला आम्ही शहरात मोठ्या दवाखान्यात नेले होते. तिच्या नाकात नळी होती आणि हात बांधलेले होते, कारण ती नळी ओढून काढी. डॉक्टरांनी विचारले, "पुढे काय करायचे?" आम्ही पाचजण होतो. पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिले आणि "सगळे करा" असे सांगितले. ते प्रेमाने सांगितले की भीतीने, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. अकरा दिवसांनी ती गेली. घरी परतल्यावर देव्हाऱ्यात तांब्याचा गडू दिसला, डाक न फोडलेला. तिने तो काशीहून स्वतः आणला होता आणि आम्हा सर्वांना शंभरदा दाखविला होता. तिने आपले इच्छापत्र केव्हाच करून ठेवले होते. आम्हाला ते वाचता आले नाही.

म्हणून या दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, सगळी मंडळी जमली असताना, वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे. "आजोबा, तुम्हाला काय हवे?" प्रश्न अशुभ नाही. ज्या घरात दक्षिणेकडे दिवा लावण्याची रीत आहे त्या घराला तो अपरिचितही नाही. उत्तर कोणाचे "शेवटपर्यंत लढा" असे येईल, कोणाचे "घरी आणा" असे येईल. दोन्ही तितकीच मानाची. ते ऐकून घ्यावे, जमल्यास लिहून घ्यावे, आणि मग पुन्हा चकलीकडे वळावे.

आमच्याकडे कणकेची ती पणती आता माझी मुलगी करते. गडू अजून देव्हाऱ्यात आहे. तो कोणासाठी आणि केव्हा फोडायचा, हे या वेळी आम्ही सर्वांनी बसून बोलून ठेवले आहे.